भयगंड आणि सुटकेचे व्याज

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्यात दडलेल्या निवाड्याकडे आपले लक्षही जात नाही. ब्रह्मराक्षस खरा नसतो, तो भित्र्या माणसाने स्वतःच उभा केलेला असतो, आणि म्हणून त्यापासून होणाऱ्या त्रासाची जबाबदारीही त्याच्याच माथी, असा तो निवाडा आहे. पालीला पाहून घराबाहेर धावणारी गृहिणी, लिफ्ट टाळून दहा मजले जिने चढणारा कारकून, सुईच्या भीतीने रक्ततपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलणारा मधुमेही, चार लोकांत बोलावयाचे म्हटले की ज्याचे पाय लटपटतात असा हुशार विद्यार्थी, या साऱ्यांना आपण हसतो, टोमणे मारतो, किंवा फार झाले तर 'काही होत नाही' असा कोरडा धीर देतो. वस्तुतः या प्रकारच्या भीतीविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे, ते मानसिक विकारांच्या संपूर्ण क्षेत्रात सर्वांत भरवशाचे म्हणता येईल अशांपैकी आहे. आपल्या घरांत आणि शिक्षणसंस्थांत ते अद्याप पोचलेले नाही, एवढेच.

हा विषय आज निघण्यास कारण आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. आदेश स्वागतार्ह आहे. पण या समुपदेशकाने दररोज करावयाचे काय, याचा विचार फारसा कोठे होताना दिसत नाही. टोकाच्या प्रसंगी धावून जाणे हे त्याचे काम आहेच, तथापि जो त्रास निमूटपणे शेकडो विद्यार्थ्यांचे आयुष्य आखडून टाकतो आणि ज्यावर थोड्या अवधीत इलाज होऊ शकतो, त्याकडे त्याने प्रथम वळावे असे मला वाटते. भयगंड हा असा त्रास आहे.

भीती कोणती, भयगंड कोणता?

साधी भीती हा विकार नव्हे, ती संरक्षण आहे. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. रात्री पाणी धरावयास जाणारा शेतकरी हातात बॅटरी आणि काठी घेऊन पाय आपटीत चालतो, तेव्हा तो भित्रा नसून व्यवहारी असतो. पण शहरातील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ज्या माणसाला पाठ्यपुस्तकातील सापाच्या चित्राचे पान उलटवत नाही, त्याची गोष्ट वेगळी. भीती धोक्याच्या प्रमाणाबाहेर असणे, तसे ती असल्याचे बहुधा त्या व्यक्तीलाही कळत असणे, ती महिनोन् महिने टिकणे आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येणे, ही भयगंडाची ओळख होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. प्राणी, उंची-पाणी-वादळ यांसारख्या निसर्गातील गोष्टी, रक्त आणि सुई, बंद जागा वा विमानप्रवास यांसारखे प्रसंग, असे विशिष्ट भयगंडांचे ढोबळ वर्ग त्यात आहेत. चारचौघांत आपली फजिती होईल या भयाला तेथे स्वतंत्र स्थान आहे.

हा विकार विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बावीस देशांत झालेल्या पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात केव्हा ना केव्हा विशिष्ट भयगंड झालेल्यांचे प्रमाण त्यांत ७.४ टक्के आढळले. स्त्रियांत ते ९.८ तर पुरुषांत ४.९ टक्के होते. विशेष म्हणजे तो सुरू होण्याचे मध्यक वय अवघे आठ वर्षांचे निघाले. म्हणजे महाविद्यालयात येणारा भयग्रस्त विद्यार्थी बहुधा दहा वर्षांचा अनुभवी रुग्ण असतो. स्त्रीपुरुषांच्या प्रमाणातील अंतराला अनेक कारणे असतील. पण 'पुरुषासारखा पुरुष असून घाबरतोस?' या प्रश्नाच्या धाकाने किती पुरुष अशा पाहणीत खरे सांगत असतील, याची शंका मला नेहमीच येते.

भयगंडांतील एकाचे नाव अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विशेष कुतूहलाचे वाटावे असे आहे. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली काही रुग्णांचे वर्णन केले. मोकळा चौक किंवा निर्मनुष्य रस्ता ओलांडताना त्यांची गाळण उडे. वेस्टफाल यांनी या विकाराला 'अ‍ॅगोराफोबिया' म्हटले. 'अगोरा' म्हणजे प्राचीन ग्रीकांचा बाजारचौक. मनुष्याने बाजाराला भ्यावे यात आमच्या शास्त्रातील काही पंथांना नवल वाटणार नाही! पण या भयाचा गाभा मोकळ्या जागेत नाही. 'येथे आपल्याला काही झाले तर बाहेर पडता येणार नाही, मदत मिळणार नाही', ही धास्ती त्याच्या मुळाशी असते. म्हणून खचाखच भरलेली लोकल, लांबलचक रांग, चित्रपटगृहातील मधली खुर्ची, ही सारी ठिकाणे एकाच रुग्णाला सारखीच असह्य होतात. दोन स्थानकांमध्ये गाडी थांबली की पंखे आणि दिवे चालू असूनही ज्याचा जीव गुदमरतो, त्याच्या यातनेची कल्पना शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला येत नाही.

शरीराची साक्ष

या यातना काल्पनिक नसतात. छाती धडधडते, हातापायांना कापरे भरते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, श्वास पुरत नाही, पोटात ढवळते, भोवळ येते, आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार अशी खात्री वाटू लागते. धोका समोर उभा असताना पळावयास किंवा झुंजावयास शरीर जी तयारी करते, तीच ही तयारी. धोका मात्र नसतो. लहान मुले रडून, आईला घट्ट बिलगून किंवा जागच्या जागी थिजून हेच सांगत असतात आणि आपण त्याला हट्ट समजतो.

एका भयाची तऱ्हा मात्र निराळी आहे व ती प्रत्येक पालकाला, परिचारिकेला आणि रक्तदान शिबिराच्या प्रत्येक संयोजकाला ठाऊक असावयास हवी. रक्त, जखम आणि सुई यांच्या भयात हृदयाचे ठोके आरंभी वाढतात, पण त्यानंतर नाडी आणि रक्तदाब एकाएकी उतरतात आणि माणूस खरोखरीच बेशुद्ध पडतो. इतर भयगंडांत 'चक्कर येईल' असे वाटते, येत क्वचितच. येथे ती येते. म्हणून 'अंग सैल सोड, शांत हो' हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला येथे उलटा पडू शकतो. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर एक साधी युक्ती विकसित केली. हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळून धरावयाचे, मग पूर्ववत करावयाचे, आणि असे पुन्हा पुन्हा करावयाचे. रक्तदाब टिकून राहतो व भोवळ टळते. या उपचाराला एक पैशाचाही खर्च नाही. आपल्या किती दवाखान्यांत तो रुग्णाला सांगितला जातो?

हे भय क्षुल्लक मानणाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडून पाहावा. सुईला भिणारा माणूस लस टाळतो, दात किडेपर्यंत दंतवैद्याकडे जात नाही, साखरेची तपासणी करीत नाही आणि अखेर जेव्हा जातो, तेव्हा मोठी शस्त्रक्रिया वाट पाहत असते. आणि या भयाची पेरणी आपण किती कौतुकाने करतो! 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं', हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही असे मराठी घर शोधावे लागेल. बागुलबुवा निदान काल्पनिक तरी होता.

भय येते कोठून?

१९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे आणि कुप्रसिद्धही. ते मूल पांढऱ्या उंदराशी निःशंक खेळत असे. उंदीर समोर येताच त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणून कर्कश आवाज करण्यात आला. असे काही वेळा घडल्यावर ते मूल नुसत्या उंदरालाही भिऊ लागले, आणि पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालासुद्धा. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आपल्या आजीला या प्रयोगाविना माहीत होते. पण भीती शिकवता येते हे यातून लोकांसमोर आले. त्या मुलाची भीती काढून टाकण्यापूर्वीच त्याला रुग्णालयातून नेण्यात आले, ही या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय.

तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. ज्यांना कुत्रा चावला ते सारेच कुत्र्याला आयुष्यभर भीत नाहीत, आणि सापाला थरथर कापणाऱ्यांपैकी अनेकांनी साप प्रत्यक्ष पाहिलेलाही नसतो. मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये असे सुचविले, की उत्क्रांतीच्या ओघात जे आपल्या पूर्वजांना घातक होते त्याची भीती आपण चटकन शिकतो. साप, उंची, अंधार यांचे भयगंड सर्वत्र आढळतात. विजेच्या बटणाचा भयगंड विरळा, जरी विजेचा झटका अनेकांनी खाल्लेला असतो. पुढे सुसन मिनेका व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर केलेल्या अभ्यासाने या मताला बळ मिळाले. दुसरे माकड सापाला भिताना पाहून ही माकडे काही मिनिटांत सापाला भिऊ लागली. पण तेच भ्यालेले माकड फुलाला भीत आहे असे चित्रफितीत जोडून दाखविले, तेव्हा ती फुलाला भ्याली नाहीत. आईच्या चेहऱ्यावरून मूल काय काय शिकत असेल, याचा अंदाज यावरून बांधावा. स्वभावतः लवकर धास्तावण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, हेही आता मान्य आहे. म्हणजे भयग्रस्त माणसाने ब्रह्मराक्षस स्वतः घडविलेला नसतो. त्याची माती वारशाने आलेली असते आणि आकार बहुधा इतरांनी दिलेला असतो.

पण ज्या प्रश्नाला व्यवहारात अधिक महत्त्व आहे तो निराळाच. भय एकदा जडले, तर ते काळाच्या ओघात झिजून का जात नाही? ओरव्हल मॉवरर यांनी १९४७ मध्ये दिलेले उत्तर आजही मूलतः ग्राह्य धरले जाते. भयाच्या वस्तूपासून माणूस दूर पळतो तेव्हा त्याला तत्क्षणी सुटका वाटते. ही सुटका हे बक्षीस असते, आणि ज्या कृतीला बक्षीस मिळते ती पुन्हा केली जाते. शिवाय पळून गेल्यामुळे 'थांबलो असतो तरी काही झाले नसते' हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

माझ्या विषयाच्या भाषेत सांगावयाचे तर टाळाटाळ हे सावकाराकडून काढलेले कर्ज आहे. हातात रोकड ताबडतोब पडते; व्याज मात्र चढत जाते, आणि ते फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे लागते. लिफ्ट टाळणारा प्रथम फक्त लिफ्ट टाळतो. मग तो उंच इमारतीतील नातेवाइकांकडे जाणे टाळतो, मग ज्या कचेरीत चौदाव्या मजल्यावर बसावे लागेल तेथील बढती नाकारतो, आणि घरी मात्र जबाबदारी नको होती असे सांगतो. न घेतलेली बढती, न दिलेली मुलाखत, न केलेला प्रवास यांची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत होत नाही. संधी गमावण्याच्या या खर्चाचे वैशिष्ट्यच असे, की तो सोसणाऱ्यालाही पुष्कळदा दिसत नाही.

येथेच मला दोन्ही पक्षांशी वाद घालावयाचा आहे. टोमणे मारणारा भयग्रस्ताला लाजवितो, आणि लाजलेला माणूस पुढच्या खेपेस अधिक गुपचूप टाळतो. पण कनवाळू माणूसही तेच व्याज वाढवीत असतो. मुलाला कुत्र्याची भीती म्हणून रस्ता बदलणारी आई, बायकोला गर्दी सोसत नाही म्हणून बाजारहाट कायमची आपल्याकडे घेणारा नवरा, हे प्रेमानेच वागतात. परिणाम मात्र असा होतो, की भयाला घरात अधिकृत जागा मिळते.

चढण पायरीपायरीने

उपचाराचे तत्त्व यातूनच निघते. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जावयाचे, पण पायरीपायरीने, स्वतःच्या संमतीने, आणि भीती ओसरेपर्यंत तेथे थांबून. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सशाला भिणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला त्याचा आवडता खाऊ देत देत सशाचा पिंजरा हळूहळू जवळ आणला. अखेर तो सशाला हाताळू लागला. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच मार्गाला पद्धतशीर रूप दिले. साध्या विशिष्ट भयगंडावर सुमारे तीन तासांच्या एकाच बैठकीत उपचार करण्याची पद्धत ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडली आणि पुढील अनेक चाचण्यांत ती गुणकारी ठरली. झोपेच्या वा शांत करणाऱ्या गोळ्या तेवढ्यापुरती भीती दाबतात, मूळ शिक्षण मात्र घडू देत नाहीत. सामाजिक भयात काही औषधांचा चांगला उपयोग होतो, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावयाची असतात.

संमती हा यातील प्राणभूत शब्द आहे. मुलाला अचानक विहिरीत ढकलून देणे म्हणजे पोहणे शिकविणे नव्हे. आपल्या खेड्यांतील जाणता माणूस मुलाच्या पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधी, आधी पायरीवर बसवी, मग कंबरभर पाण्यात आणी, आणि मगच हात सोडी. मानसोपचाराची पाठ्यपुस्तके न वाचताही त्याला क्रम ठाऊक होता.

सामाजिक भयाच्या बाबतीत अल्बर्ट एलिस यांचे उदाहरण मनोरंजक आहे. कि. मो. फडके यांच्या परिश्रमांमुळे एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची झाली. तरुणपणी स्त्रियांशी बोलण्याच्या कल्पनेनेच एलिस यांना घाम फुटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्सच्या वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. शंभरएक जणींशी ते बोलले. भेटीला येण्याचे एकीनेच कबूल केले, आणि तीही आली नाही! पण त्यांची भीती गेली, कारण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांनी शंभर वेळा अनुभवले होते.

आता आमच्या महाविद्यालयांकडे वळू. अंतर्गत मूल्यमापनाच्या नव्या रचनेत तोंडी सादरीकरणाला गुण आले आहेत. लेखी उत्तरात उत्तम विवेचन करणारा एखादा विद्यार्थी सादरीकरणाच्या दिवशी नेमका आजारी पडतो. पुढील सत्रात तो पुन्हा आजारी पडतो. आम्ही अध्यापक त्याला एकतर 'कामचुकार' ठरवितो, किंवा दया येऊन 'नुसते लिहून दे' म्हणतो. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही चुकीची. त्याने प्रथम अध्यापकाच्या खोलीत एकट्याने पाच मिनिटे बोलावे, मग तीन मित्रांसमोर, मग दहा जणांच्या गटासमोर, आणि सत्राच्या अखेरीस वर्गासमोर. गुण मात्र शेवटच्या पायरीलाच द्यावयाचे असतील तर द्यावेत. हे करण्यास मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. कोणाला आपल्या आवाक्याबाहेरचा त्रास आहे, कोणाचे भय खिन्नतेशी वा व्यसनाशी गुंतलेले आहे, हे ओळखून त्याला पुढे पाठविण्यासाठी मात्र प्रशिक्षित माणूस हवा.

तो माणूस कोठून येणार? देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. तरीही न्यायालयीन आदेशाची अंमलबजावणी कशी होईल याची चाहूल आताच लागते आहे. माझ्या माहितीतील एका महाविद्यालयाने ज्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडत होता त्यालाच समुपदेशक म्हणून नेमले. भांडारगृहाच्या अर्ध्या भागात टेबल टाकले आणि दारावर पाटी लावली. पाटीखाली उभे राहिलेले कोणी पाहिले तर चर्चा होईल, या भयाने तेथे कोणी जात नाही. भयावर उपचार करण्याची जागाच भयाची व्हावी, हा विनोद कडवट आहे.

विद्यापीठांनी या बाबतीत तीन-चार गोष्टी ठरविल्या तर खर्च फार येणार नाही. जेथे एका महाविद्यालयाला पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ परवडत नाही, तेथे शेजारच्या चार महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा आणि त्याने प्रत्येक ठिकाणी आठवड्याचा ठरावीक दिवस द्यावा. ग्रंथालयाच्या किंवा व्यायामशाळेच्या वाटेवर, जेथे जाण्याला कोणी कारण विचारीत नाही, तेथे त्याची खोली असावी. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी पालकांच्या सभेत नियम वाचून दाखविले जातात. त्यांत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. आणि सादरीकरणापूर्वी पायरीपायरीने तयारी करून घेणाऱ्या अध्यापकाचे ते तास त्याच्या कार्यभारात मोजले जावेत. आज ते मोजले जात नाहीत, आणि जे मोजले जात नाही ते करावयास फारसे कोणी पुढे येत नाही.